मूल्यमापकाची सही: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात आम्ही आंतरराष्ट्रीय युवा पुरस्कार योजनेची ओळख करून दिली होती. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये १९५६ साली ‘ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्ड’ या नावाने ही योजना सुरू झाली आणि आज ती शंभराहून अधिक देशांत चालते. भारतात ती १९६२ पासून आहे आणि ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ या नावाने ओळखली जाते. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तिच्या तीन पायऱ्या असून त्यांसाठी किमान वय अनुक्रमे १४, १५ आणि १६ वर्षे आहे, आणि वयाची २५ वर्षे पूर्ण होण्याआधी काम संपवावे लागते. प्रत्येक पायरीवर सेवा, कौशल्य, शारीरिक उपक्रम आणि साहस-प्रवास असे चार विभाग असतात, आणि सुवर्णासाठी याशिवाय घरापासून दूर, अनोळखी माणसांत राहून करायचा पाच दिवस व चार रात्रींचा निवासी प्रकल्प असतो.

लेखानंतर पत्रे येतील ती पालकांची, अशी माझी अटकळ होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक पत्रे आली ती, ज्यांच्या दारात मुले सही मागायला जाऊन उभी राहतात, त्या मोठ्या माणसांची. या माणसाला योजनेत मूल्यमापक म्हणतात आणि शाळा-महाविद्यालयांत सगळे त्याला सरळ ‘असेसर’ म्हणतात. गेली अठरा वर्षे मी मुंबईत हे काम करीत आलो आहे, आणि माझे मत असे झाले आहे की या योजनेचे खरेखोटेपण याच एका माणसावर अवलंबून असते. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच्यासाठी ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

*प्रश्न: मी दादरमध्ये पंचवीस वर्षे मल्लखांब शिकवतो. माझ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा येतो. तो अंगाने जड आहे आणि स्पर्धेत उतरेल असे मला वाटत नाही. त्याने शारीरिक उपक्रम म्हणून मल्लखांब निवडला असून मूल्यमापक म्हणून माझे नाव दिले आहे. मी नेमके काय मोजायचे? गुण किती द्यायचे? काम न जमल्यास नापास करता येते का? — एक प्रशिक्षक, दादर*

उत्तर: गुरुजी, आपण सही करण्याआधी विचारलेत, याबद्दल प्रथम आपले आभार. बहुतेक लोक सही केल्यानंतर विचारतात, आणि पुष्कळजण तेव्हाही विचारत नाहीत.

या योजनेत गुण नाहीत, क्रमांक नाहीत आणि एका मुलाची दुसऱ्याशी तुलनाही नाही. ज्यांच्या विचारांतून ती उभी राहिली ते शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि तिचे पहिले संचालक जॉन हंट (१९५३ साली ज्या मोहिमेतून एव्हरेस्ट प्रथम सर झाले तिचे हे नेते) या दोघांनाही मुलाने स्वतःच्या कालच्या कुवतीच्या पुढे जाणे महत्त्वाचे वाटत होते. त्यामुळे आपला हा विद्यार्थी स्पर्धेत उतरेल की नाही, हा प्रश्न आपल्याला येथे पूर्णपणे बाजूला ठेवता येईल. पंचवीस वर्षे स्पर्धेसाठी मुले तयार करणाऱ्या माणसाला हे सोपे जाणार नाही, याची मला कल्पना आहे. पण एकदा ते जमले की या मुलाकडे पाहण्याची आपली नजरच बदलेल.

आपण तीन गोष्टी पाहायच्या आहेत. एक, त्याने सुरुवातीला ठरवलेले ध्येय त्याच्या कुवतीला धरून होते का आणि त्या दिशेने तो सरकला का. दोन, ठरलेला काळ त्याने नियमितपणे दिला का. कांस्यपदकासाठी सेवा, कौशल्य आणि शारीरिक उपक्रम या प्रत्येकाला किमान तीन महिने, म्हणजे १३ आठवडे द्यावे लागतात आणि त्यांपैकी मुलाच्या पसंतीच्या एका विभागाला आणखी तीन महिने. आठवड्याला सरासरी किमान एक तास हा हिशेब सर्वत्र लागू असतो. तीन, त्याने मनापासून प्रयत्न केला का. या तिसऱ्या गोष्टीसाठी कोणतीही फूटपट्टी नसते, आणि तिच्याचसाठी शाळेने आपल्यासारख्या जाणत्या माणसाचे दार ठोठावले आहे.

नापास करण्याविषयी सांगायचे तर तसा शेरा या योजनेत नाही. काळ भरला नसेल किंवा प्रयत्न तोकडे पडले असतील, तर सही थांबते, मुलाला कारण सांगितले जाते आणि तो काम पुढे चालू ठेवतो. आपली सही पुढे ढकलली जाऊ शकते. तिचा अर्थ मात्र त्यामुळे पातळ होत नाही.

माझा सगळ्यात मोठा आग्रह पहिल्या भेटीविषयी आहे. बहुतेक मूल्यमापक पहिली भेट पाच मिनिटांत उरकतात, नाव-पत्ता विचारतात आणि ‘ये मग सोमवारपासून’ म्हणतात. तेरा आठवड्यांनंतर लिहायला बसले की त्यांच्याजवळ लिहिण्यासारखे काही नसते, कारण मूल कोठून निघाले हे त्यांनी पाहिलेलेच नसते. आपण असे करावे: पहिल्या दिवशी त्याला खांबावर जाऊ द्यावे आणि जे दिसेल ते वहीत तारखेसह टिपून ठेवावे. मग त्यालाच विचारावे की तीन महिन्यांनी तुला काय करता यायला हवे. तो ‘मनोरा’ म्हणाला तर हसू नये, पण त्याला खाली आणावे. तो ‘काहीही चालेल’ म्हणाला तर वर न्यावे. साधी अढी (उलटे होऊन पायांनी खांब धरणे) स्वच्छ पडणे, उतरताना पाय नीट टेकणे, न थांबता ठरावीक सलाम्या घालणे, एवढेही ध्येय चौदा वर्षांच्या जड अंगाच्या मुलाला पुष्कळ आहे. ते त्याच्या शब्दांत लिहून घ्यावे. मधल्या काळात एकदा, साधारण सातव्या आठवड्याला, दोघांनी मिळून ते पुन्हा वाचावे आणि ध्येय फार सोपे किंवा फार अवघड ठरले असेल तर बदलावे. तशी मुभा आहे.

शेवटी लिहायच्या अभिप्रायाविषयी. हल्ली बहुतेक नोंदी ऑनलाइन रेकॉर्ड बुकमध्ये होतात आणि तेथे अभिप्रायासाठी छोटीशी चौकट असते. तिच्यात ‘उत्तम प्रगती, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असे लिहिले म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे आहे, कारण ते कोणत्याही मुलाला लागू पडते. त्याऐवजी असे काही लिहावे: ‘ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उलटे झाल्यावर पाय खांबाला बिलगत नव्हते आणि तो दोन अंक मोजेपर्यंत खाली येत असे. जानेवारीत साधी अढी स्वच्छ पडते. दसरंग या प्रकाराची भीती अजून गेलेली नाही, पण ती आहे हे तो आता लपवत नाही. खांबाला एरंडेल लावण्यापासून गाद्या उचलण्यापर्यंतची कामे न सांगता करतो.’ ही चार वाक्ये त्या मुलाने पंधरा वर्षांनी वाचली तरी त्याला तो खांब आठवेल. मी स्वतः पाहिले आहे की मुले प्रमाणपत्र कपाटात ठेवतात आणि अभिप्राय पाठ करतात.

*प्रश्न: माझी मुलगी लहानपणापासून माझ्या भावाकडे तबला शिकते. कौशल्य विभागासाठी तिने तबला घेतला. शाळेत ही योजना पाहणारे अवॉर्ड लीडर म्हणतात की मामा मूल्यमापक होऊ शकत नाही. माझ्या भावाने आयुष्य तबल्यात घालवले आहे आणि हा त्याचा अपमान आहे, असे घरात सर्वांना वाटते. शिवाय ती यंदा गांधर्वच्या परीक्षेलाही बसणार आहे. ते प्रमाणपत्र चालणार नाही का? — एक आई, मुलुंड*

उत्तर: ताई, नियम आहे तो असाच आहे: नातेवाईक मूल्यमापक होत नाही, मग तो कितीही मोठा कलावंत असो. आपल्या भावाच्या विद्येविषयी किंवा प्रामाणिकपणाविषयी त्यात कोणतीही शंका घेतलेली नाही. हा नियम मुलीच्या बाजूने आहे, हे कृपया भावालाही सांगावे. घरातल्या माणसाचे कौतुक मूल अर्ध्या कानाने ऐकते, कारण ते मिळणारच हे त्याला ठाऊक असते. एखाद्या परक्या, जाणत्या माणसाने समोर बसून तबल्याचा एखादा कायदा (ठरावीक बोलांची रचना) ऐकावा आणि ‘ठेका सुटत नाही, पण डावा अजून बोलत नाही’ असे म्हणावे, याचे वजन वेगळे असते.

मामांनी शिकवणे मुळीच थांबवायचे नाही. शिकवणारा आणि मूल्यमापन करणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असायला काहीच हरकत नाही. मामांच्याच परिचयातील दुसऱ्या एखाद्या तबलावादकाला किंवा शाळेतील संगीतशिक्षकांना विनंती करा. त्यांनी सुरुवातीला एकदा, मध्ये एकदोनदा आणि शेवटी एकदा तिचे वादन ऐकावे, तिची रियाजाची वही पाहावी आणि मामांशी बोलावे. माझ्या अनुभवात अशी व्यवस्था घरच्या गुरूंनाही आवडू लागते.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचा अभ्यास हे तिचे ध्येय म्हणून नक्की लिहिता येईल, आणि ते चांगले, ठोस ध्येय आहे. पण परीक्षेचे प्रमाणपत्र मूल्यमापकाच्या अहवालाची जागा घेत नाही. परीक्षा एका दिवशी काय वाजले ते सांगते आणि येथे विचारले जाते ते आठवड्यामागून आठवडे काय झाले हे.

*प्रश्न: मी रौप्यपदकासाठी नाव नोंदवले आहे. सेवा विभागात मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. २० आठवडे झाले आणि मग दहावीच्या सराव परीक्षा, बोर्डाची परीक्षा यांत जानेवारीपासून काम थांबले. माझे मूल्यमापक म्हणाले, ‘तू हुशार आहेस, मी पूर्ण २६ आठवडे लिहून टाकतो.’ मला ते बरोबर वाटत नाही, पण नाही म्हटले तर ते रागावतील. माझे आधीचे आठवडे वाया जातील का? — एक विद्यार्थिनी, घाटकोपर*

उत्तर: तुझे आधीचे आठवडे वाया जाणार नाहीत. रौप्यासाठी २६ आठवडे हवेत, पण ते एकही खंड न पडता सलग हवेत असे कोठेही म्हटलेले नाही. परीक्षा, आजारपण, घरातले कार्य अशा कारणांनी काम थांबले तर ते थांबले असे लिहायचे आणि पुन्हा सुरू करून उरलेले आठवडे भरायचे. तुला आणखी ६ आठवडे करायचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मात्र सहा आठवड्यांचे तास एका शनिवार-रविवारी बसून उरकायचे नाहीत, कारण नियमितपणा हीच या विभागाची परीक्षा आहे. ज्या विद्यार्थ्यांसाठी तू वाचतेस त्यांनाही पुस्तक दर आठवड्याला थोडे थोडे मिळणेच सोयीचे असते.

तुझ्या मूल्यमापकांच्या हेतूत वाईट काही नाही. मुलाचे भले व्हावे या एकाच भावनेने मोठी माणसे ही चूक करतात आणि ती मीही केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पहिल्या-दुसऱ्या वर्षी एका शाळेतून सहा मुलांचे कागद एकदम माझ्याकडे आले. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. मुले वाचनालयात पुस्तकांची दुरुस्ती करीत, आणि ती तेथे येत असत हे मी पाहिले होते. मी सहाही कागदांवर एकसारखे लिहून सह्या केल्या. संध्याकाळी त्यांच्यापैकी एक मुलगा परत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, ‘काका, मी तर चारच वेळा आलो होतो.’ त्याच्या हातात तो कागद होता आणि तो त्याला आत येऊन टेबलावर ठेवताही येत नव्हता, घेऊन जाताही येत नव्हता. जे तेरा आठवडे खरोखर आले होते त्या पाच मुलांच्या कागदावरचे माझे शब्दही त्या क्षणी खोटे झाले, कारण ते शब्द तेच होते. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो, सहाही सह्या मागे घेतल्या आणि पाच अहवाल पुन्हा वेगवेगळे लिहिले. तो सहावा मुलगा पुढे तीन महिने आला.

तेव्हा तू त्यांना नम्रपणे एवढेच सांग: ‘सर, मला उरलेले सहा आठवडे करायचे आहेत, आपण त्यानंतर लिहाल का?’ रागावणारा माणूसही या वाक्यावर रागावणार नाही. आणि तरी ते अडून बसले तर शाळेतील अवॉर्ड लीडरांशी बोल. मूल्यमापक बदलता येतो.

आणखी एक. तू कांस्य न करता थेट रौप्याला आली असशील, तर सेवा, कौशल्य, शारीरिक उपक्रम यांपैकी एका विभागात तुला आणखी सहा महिने द्यावे लागतील. तो विभाग सेवा असेल, तर परीक्षेच्या या खंडाची तुला काळजी करण्याचे कारणच नाही, कारण पुढे भरपूर वेळ आहे.

*प्रश्न: मी बँकेतून निवृत्त झालो असून तीस वर्षे सह्याद्रीत भटकतो आहे. एका महाविद्यालयाने मला रौप्याच्या साहस-प्रवासासाठी मूल्यमापक होण्याविषयी विचारले आहे. मी आजवर शेकडो मुलांना किल्ल्यांवर नेले आहे. त्यापेक्षा हे काम वेगळे आहे का? — एक गिर्यारोहक, बोरिवली*

उत्तर: पुष्कळ वेगळे आहे, आणि जितका अनुभव अधिक तितके ते अधिक कठीण जाते. आजवर आपण मुलांना नेलेत. आता आपल्याला त्यांना जाऊ द्यायचे आहे.

आधी चौकट पाहू. रौप्याचा साहस-प्रवास तीन दिवस व दोन रात्रींचा असतो (कांस्याचा दोन दिवस व एक रात्र, सुवर्णाचा चार दिवस व तीन रात्री), आणि रौप्यात दर दिवशी सरासरी सात तास चालण्यात, नोंदी करण्यात, मुक्काम उभारण्यात अशा हेतुपूर्ण श्रमांत जावे लागतात. तुकडी चार ते सात जणांची असते. प्रवास स्वतःच्या अंगच्या बळावर, म्हणजे पायी, सायकलने किंवा वल्ह्याच्या होडीने असतो. तेव्हा दादरहून कर्जतपर्यंतची लोकल प्रवासात धरली जात नाही. प्रत्येक प्रवासाला तुकडीने स्वतः ठरवलेला एक हेतू असतो. मुख्य प्रवासाआधी प्रशिक्षण आणि सरावाचा प्रवास झालेला असतो. आपण त्या प्रशिक्षणात भाग घेतलेला नसावा, म्हणजे आपली नजर स्वच्छ राहते, आणि या विशिष्ट कामासाठी योजना राबवणाऱ्या संस्थेची आपल्याला मान्यता असावी. ती आहे की नाही, हे महाविद्यालयाला आधीच विचारून घ्या.

पर्यवेक्षक आणि मूल्यमापक या दोन भूमिका मात्र मनात अगदी वेगळ्या ठेवायला हव्यात. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी पर्यवेक्षकावर असते. परवानग्या, संपर्क, दवाखाना, परतीचा निर्णय हे सारे त्याचे काम आहे. मूल्यमापकाने पाहायचे ते एवढेच की या तुकडीने ठरलेल्या अटी पाळून, स्वतःच्या हिमतीवर प्रवास पूर्ण केला का. धोका दिसला तर अर्थातच आपण भूमिका विसरून पुढे धावायचे आहे. पण धोका आणि गैरसोय यांतला फरक आपल्याला ओळखता आला पाहिजे. ओले मोजे ही गैरसोय आहे. करपलेली खिचडी ही गैरसोय आहे. चुकलेली वाट बहुतेक वेळा गैरसोयच असते.

एका फेब्रुवारीतला प्रसंग सांगतो. कोंदिवड्याहून राजमाचीकडे जाणारी एक तुकडी होती. तीन मुली, तीन मुलगे. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांवरच्या कोणत्या टाक्यांत उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी उरते याची नोंद करणे, हा त्यांनी ठरवलेला हेतू होता. कोंडाणे लेण्यांच्या पुढे एका ठिकाणी त्यांनी ठळक वाट सोडली आणि गुरांच्या वाटेने एका ओढ्यात उतरले. मी आणि पर्यवेक्षक शंभर-दीडशे पावले मागे होतो. ऊन चढलेले नव्हते, पाणी सर्वांजवळ होते, कोठे कडा नव्हता. माझ्या तोंडून हाक अगदी ओठांपर्यंत आली होती आणि पर्यवेक्षकाने माझ्या मनगटावर हात ठेवला. पाऊण तास आम्ही एका खडकावर बसून राहिलो. शेवटी नकाशा हाती असलेली मुलगी थांबली, तिने पाठीवरची सॅक उतरवली, नकाशा खडकावर पसरला, त्यावर होकायंत्र ठेवले आणि बराच वेळ काही न बोलता पाहत राहिली. मग ती इतरांना म्हणाली, ‘ओढा आपल्या डाव्या हाताला हवा होता. तो आपण केव्हा ओलांडला?’ केव्हा ओलांडला यावर त्यांचा वाद झाला, एक मुलगा चिडला, दुसऱ्याने त्याला पाणी दिले, आणि ते सगळे आल्या वाटेने परत फिरले. त्या पाऊण तासात त्या सहाजणांनी जे शिकून घेतले, ते माझ्या एका हाकेने मी त्यांच्याकडून हिरावून घेतले असते.

रात्री उधेवाडीच्या मुक्कामात मी त्यांच्याशी वाटेविषयी एक शब्द बोललो नाही. प्रवास संपल्यावर तुकडीबरोबर बसून बोलणे हा मूल्यमापकाच्या कामाचा ठरलेला भाग आहे. त्या वेळी मी फक्त विचारले की तीन दिवसांत निर्णय कोण कसे घेत होते. चिडलेल्या मुलानेच स्वतःहून ओढ्याची गोष्ट सांगितली. अहवालातही त्यांनी ती लपवली नाही. मी माझ्या अभिप्रायात लिहिले की वाट चुकल्याचे तुकडीच्या स्वतःच्या लक्षात आले आणि बाहेरच्या मदतीशिवाय ती दुरुस्त झाली. माझ्या दृष्टीने त्या प्रवासातला हा सर्वोत्तम तास होता.

आपल्यासाठी कामाचा क्रम सांगायचा तर निघण्याआधी तुकडीला भेटा, त्यांचा मार्ग-आराखडा, शिध्याची यादी आणि सामान पाहा, हेतू त्यांच्याच तोंडून ऐका. त्या वेळी प्रश्न विचारा, उत्तरे देऊ नका. ‘तिसऱ्या दिवशी पाणी कोठे भराल?’ असे विचारले की मुले स्वतःच आराखडा पुन्हा उघडतात. प्रवासात दिवसातून एकदा तरी भेटा, पण मुक्कामाला त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसू नका. आपण पिठले कसे करायचे ते सांगू लागाल, आणि मुले आदराने ऐकून घेतील, आणि त्यांचा मुक्काम आपला होऊन जाईल.

पावसाळ्याविषयी माझे मत कडक आहे. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईतील महाविद्यालयांना सह्याद्रीत जाण्याचा फार मोह होतो, कारण डोंगर त्या दिवसांत सुंदर दिसतात. पण ओढ्यांना अचानक येणारे पाणी, शेवाळलेले कातळ आणि धुक्यात हरवणाऱ्या वाटा यांत मागे राहून दुरून पाहण्याची पद्धत चालवणे धोक्याचे आहे, आणि मुलांना हाताला धरून न्यायचे असेल तर तो मग साहस-प्रवास उरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सुचवा. महाविद्यालयाचे वेळापत्रक आडवे आले तर आपण नकार द्या. हवामानामुळे प्रवास मध्येच थांबवावा लागला तर तुकडीच्या माथी अपयश मारले जात नाही. तो पुन्हा करता येतो, हेही मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवा, म्हणजे परत फिरण्याचा निर्णय ती मोकळ्या मनाने घेतील.

*प्रश्न: मी घरीच कथक शिकवते. एक पंधरा वर्षांची मुलगी आणि एक सोळा वर्षांचा मुलगा यांची मी मूल्यमापक आहे. मुले रात्री उशिरा मोबाइलवर निरोप पाठवतात, कधी कधी घरच्या गोष्टीही सांगतात. मी कोठवर जावे? — एक नृत्यशिक्षिका, विलेपार्ले*

उत्तर: मुलांना आपला विश्वास वाटतो ही चांगली गोष्ट आहे आणि म्हणूनच तिला शिस्त हवी. भेटी शक्यतो उघड्या दाराने, इतर विद्यार्थी किंवा घरातले माणूस जवळपास असताना घ्या. निरोपांसाठी पालक किंवा अवॉर्ड लीडर असलेला एक गट करा आणि रात्रीचे निरोप सकाळी तेथेच वाचीन असे मुलांना प्रेमाने सांगा. सराव तपासण्यासाठी चित्रफीत मागवलीत तर ती पालकांच्या माहितीने मागवा.

एखाद्या मुलाने स्वतःवर लैंगिक अत्याचार होत असल्याचे सुचवले, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नका. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत अशी माहिती पोलिसांना कळवणे ही कोणत्याही व्यक्तीवर बंधनकारक जबाबदारी आहे. मुलाचे शांतपणे ऐकून घ्या, खोदून विचारू नका, त्याचे शब्द तारखेसह लिहून ठेवा आणि लगेच कळवा. बालकांसाठीची हेल्पलाइन १०९८ दिवसरात्र चालू असते.

*प्रश्न: मी २२ वर्षांची आहे. महाविद्यालयात असताना मोडी लिपी शिकले आणि तीन वर्षे जुने कागद वाचते आहे. शेजारच्या इमारतीतील एका चौदा वर्षांच्या मुलाने कौशल्य म्हणून मोडी निवडली असून त्याला मूल्यमापक मिळत नाही. माझ्याकडे कोणतीही पदवी नाही. मी होऊ शकते का? — एक वाचक, गिरगाव*

उत्तर: होऊ शकता. मूल्यमापक त्या विषयातला नामवंत असावा अशी अट नाही. तो सज्ञान असावा, त्याला विषयाची पुरेशी जाण असावी, मुलाचा नातेवाईक नसावा आणि ठरलेला काळ मुलाकडे लक्ष देण्याइतकी त्याला सवड असावी. आपले नाव मुलाने अवॉर्ड लीडरांना कळवावे आणि त्यांनी आपल्याशी बोलून संमती द्यावी, मगच काम सुरू करावे. आपण वयाने त्याच्या जवळच्या आहात याचा फायदाच होईल, फक्त गृहपाठ त्याच्याऐवजी आपण करून देणार नाही एवढे पाहा. मोडीत हा मोह फार होतो, कारण अडलेले अक्षर सांगून टाकणे सोपे असते आणि ते त्याचे त्याला लागेपर्यंत थांबणे कठीण असते.

ध्येय ठरवताना केवळ ‘मोडी शिकणे’ असे लिहू देऊ नका. तेरा आठवड्यांत सगळी मुळाक्षरे व बाराखडी लिहिता येणे आणि सुवाच्य हातातले एक साधे पत्र आधाराशिवाय वाचता येणे, एवढे पुरे आहे. पेशवेकालीन दप्तरातला घाईघाईने लिहिलेला कागद या पायरीवर नको. दर आठवड्याच्या सरावाची पाने त्याला तारीख घालून एकाच वहीत ठेवायला सांगा, चुकलेली पाने फाडू देऊ नका.

आणि पहिल्या भेटीला जाताना एका जुन्या पत्राची प्रत बरोबर घेऊन जा. ती त्याच्यासमोर ठेवा, त्याला किती अक्षरे ओळखता येतात ते त्याच प्रतीवर पेन्सिलीने खूण करून घ्या. बहुधा एकही येणार नाही किंवा चारदोन येतील. प्रतीच्या मागे तारीख घाला आणि ती आपल्याजवळ ठेवा. तेराव्या आठवड्याला तीच प्रत पुन्हा काढून त्याच्या हातात द्या, आणि तो वाचून थांबेपर्यंत आपण काही बोलू नका.